घरी कुणाला तरी विचार

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीत पेढे वाटले जातात. पुढच्या रविवारी बुद्धविहारात गुणवंतांचा सत्कार होतो. गुलाबाचे फूल, एक पेन आणि बाबासाहेबांचे एखादे पुस्तक देऊन मुलांच्या पाठीवर थाप दिली जाते. या कार्यक्रमांचे सूत्रसंचालन आम्ही कितीतरी वर्षे केले आहे. परंतु त्या सत्कारमूर्तींपैकी जी मुले विज्ञान शाखेला गेली, ती पुढच्या दिवाळीपर्यंत कुठे पोहोचली, याची चौकशी आम्ही कधी केली नव्हती. ती वेळ आमच्याच घरी आली तेव्हा आमचे डोळे उघडले. त्याची हकिगत वाचकांना सांगावीशी वाटते, कारण ती फक्त आमच्या घरची नाही.

आमची थोरली मुलगी मराठी माध्यमातून दहावी झाली. चौऱ्याऐंशी टक्के पडले. तिला विज्ञान शाखा हवी होती, प्रवेशही मिळाला. पण अकरावीत गेल्यावर सगळे विज्ञान एका रात्रीत इंग्रजी झाले. कालपर्यंतची संयुजा व्हॅलन्सी झाली, त्वरणाचे अ‍ॅक्सलरेशन झाले, संवेगाला मोमेंटम म्हणायचे. वर्गात तासाला दहा पाने पुढे जात. ज्यांना परवडते त्यांची मुले खासगी क्लासला जात होती. आम्हीही एका क्लासची चौकशी केली. वर्षाची फी आमच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी निघाली. धाकटा मुलगा आठवीत, घराचा हप्ता चालू. आम्ही मुकाट्याने जिना उतरलो.

मग आम्ही ठरवले की आपणच मदत करायची. आम्ही बीकॉम. भौतिक आणि रसायन या दोन्ही विषयांशी आमचा संबंध शाळेतच तुटलेला. पण बाप म्हणून काहीतरी केले पाहिजे, म्हणून एक गाईड विकत आणले. रात्री जेवणे झाल्यावर गृहपाठाची गणिते त्यातून शोधायची, आम्ही वाचून दाखवायची आणि मुलीने वहीत उतरवायची, असा क्रम सुरू झाला. वही सुंदर दिसू लागली. लाल शाईत 'छान' असा शेरा यायचा. आम्ही ऑफिसात डब्याच्या वेळी सांगायचो, मुलीला आम्हीच शिकवतो म्हणून.

पहिली घटक चाचणी झाली. पेपर घरी आलाच नाही. एके दिवशी गाद्या उन्हात टाकताना आमच्या मंडळींना तो गादीखाली सापडला. रसायनशास्त्र, पंचवीसपैकी पाच.

आम्ही रागावलो. ती खाली मान घालून उभी होती. थोड्या वेळाने म्हणाली, "वहीत तर सगळं बरोबरच आहे ना, पप्पा. पेपरात गाईड नव्हतं." आणि मग म्हणाली, "मला कॉमर्सला जायचंय. तुम्ही पण कॉमर्सच केलंत ना?"

त्या प्रश्नाने आमचा राग जागच्या जागी विरला. कारण आम्ही कॉमर्स का केले, हे आम्ही घरात कधी कुणाला सांगितले नव्हते.

ही १९९५ सालची गोष्ट. आम्ही नववीत होतो. गतीच्या धड्यातले एक गणित अडले. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी आगगाडी ब्रेक लावल्यावर २० सेकंदांत थांबते, तर ती किती अंतर जाईल? शिक्षकांना विचारले. वर्गात साठ मुले, तास संपत आलेला. ते म्हणाले, "घरी कुणाला तरी विचार." ते वाईट बुद्धीने म्हणाले असे नाही. त्यांच्या मनात एक घर होते, जिथे कुणीतरी असते. आमचे वडील रेल्वेत गँगमन. गाडी कशी येते, कशी थांबते हे त्यांना रोज दिसत होते. आम्ही पुस्तक त्यांच्यापुढे धरले. त्यांनी पान बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "उद्या मास्तरांना नीट विचार बाळा." मास्तर म्हणाले घरी विचार, घर म्हणाले मास्तरांना विचार. या दोघांच्या मध्ये ते गणित राहून गेले. पुढच्या वर्षी दहावी झाली आणि आम्ही कॉमर्सचा फॉर्म भरला. कॉमर्स वाईट नव्हे. त्यानेच आम्हाला नोकरी दिली, भाकरी दिली. पण आम्ही ते निवडले नव्हते, आम्ही एका गणितापासून पळालो होतो.

आणि आता तीस वर्षांनी आमची मुलगी त्याच वाटेने निघाली होती. फरक एवढाच की आम्हाला घरी मदत मिळाली नाही म्हणून आम्ही पळालो, आणि तिला चुकीची मदत मिळाली म्हणून ती पळत होती. ती चुकीची मदत आम्हीच केली होती.

तेव्हा वर्षावास चालू होता. विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होत असे. एके दिवशी वाचन संपल्यावर आम्ही उभे राहिलो आणि झाला प्रकार जसाच्या तसा सांगितला. आपल्या चुका अशा चारचौघांत सांगणे सोपे नसते. पण सांगून झाल्यावर मागच्या बाजूने एक बाई म्हणाल्या, "माझा पण पोरगा रात्री पुस्तक उघडून नुसता बसतो, भाऊ. विचारलं की म्हणतो, तुला काय कळणार." मग दुसऱ्या बोलल्या, मग तिसऱ्या. त्या रात्री कळले की आमच्या एका वस्तीत अकरावी-बारावी विज्ञानाची सात मुले आहेत आणि सातही जण आपापल्या घरात एकेकटी अडलेली आहेत.

शिकवणार कोण, हा प्रश्न होता. शोधल्यावर दोन माणसे वस्तीतच निघाली. एक बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी, तिचा विषय भौतिकशास्त्र. दुसरे एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे काम करून निवृत्त झालेले काका. ते तयारच होईनात. म्हणाले, "आम्ही काचेची भांडी धुतली, बाटल्या भरल्या. शिकवलं कुठं?" पण तीस वर्षे त्यांनी मुलांचे प्रयोग चुकताना पाहिले होते. कुठे चुकतात हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. आम्ही तिसरे. आमच्याकडे विषय नव्हता, पण हजेरी, खडू आणि कुलूप-किल्ली सांभाळता येत होती. वाचन साडेआठला संपे. साडेआठ ते दहा अशी वेळ ठरली.

पहिल्याच दिवशी बीएस्सीच्या ताईने नियम घातला. येथे कुणी "मला काहीच कळत नाही" म्हणायचे नाही. गणित आणायचे ते आपण केलेल्या प्रयत्नासकट आणायचे. दिलेले काय आहे, काढायचे काय आहे, कोणते सूत्र लागेल असे वाटते आणि नेमके कुठल्या ओळीवर अडले, एवढे कच्च्या वहीत लिहिलेले असले पाहिजे. मदत करणाऱ्यालाही नियम होता: त्याने उत्तर सांगायचे नाही, पुढचा एक प्रश्न विचारायचा. आम्हाला हा नियम सर्वांत जड गेला. बापाच्या जिभेवर उत्तर नेहमी तयार असते.

नियमाचा उपयोग लगेच दिसला. मुले अडलेली ओळ लिहू लागली आणि निम्म्या वेळा लिहिता लिहिताच अडथळा सुटू लागला. उरलेल्या निम्म्यात असे दिसले की बहुतेकांची अडचण विज्ञानाची नाहीच. ती इंग्रजी वाक्याची आहे किंवा एककाची आहे. म्हणून फळ्याच्या एका कडेला आम्ही रोज पाच शब्द मराठी-इंग्रजी लिहू लागलो. नववीतले 'द्रव्याचे मोजमाप' आणि दहावीतले 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' हे धडे मराठीत पुन्हा वाचून घेतले. मुलांच्या लक्षात आले की अकरावीतले अर्धे सामान आपल्या ओळखीचे आहे, फक्त नावे बदलली आहेत.

एककाची गोष्ट आम्हाला आमच्याच गणिताने शिकवली. ताईने फळ्यावर तसेच आगगाडीचे गणित घातले. एका मुलाने ७२ आणि शून्य यांची सरासरी ३६ काढली, २० ने गुणले आणि ७२० मीटर उत्तर लिहिले. ताईने चूक म्हटले नाही. विचारले, "लोकलने जातोस ना? बारा डब्यांची गाडी केवढी लांब असते?" साधारण अडीचशे मीटर, असे ठरले. "म्हणजे तुझी गाडी ब्रेक लावल्यावर आपल्या लांबीच्या जवळजवळ तिप्पट गेली. पटतं का?" तो विचारात पडला. मग त्यालाच दिसले की वेग ताशी किलोमीटरमध्ये आहे आणि वेळ सेकंदांत. ७२ ला ५ ने गुणून १८ ने भागले की सेकंदाला २० मीटर येतात. २० आणि शून्य यांची सरासरी १०, गुणिले २० सेकंद, म्हणजे २०० मीटर. रुपये आणि पैसे एका रकान्यात बेरजेला घेतले की रोकड जुळत नाही, हे आम्ही ऑफिसात रोज पाहतो. ही तीच चूक होती. आम्ही मागे बसून पाहत होतो. तीस वर्षे अडलेले गणित पाच मिनिटांत सुटले, तेव्हा घशात काहीतरी दाटून आले, हे लपवत नाही.

मोलचा धडा काकांनी घेतला. ते म्हणाले, "डझन म्हणजे बारा. डझनभर लिंबं आणि डझनभर नारळ, नग तेवढेच, पण वजन एक आहे का?" मोलही तसाच एक मोठा डझन आहे. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, एवढे नग. मग त्यांनी वाण्याकडच्या काट्यावर तीन गोष्टी तोलून आणल्या. १८ ग्रॅम पाणी, साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ आणि ३४२ ग्रॅम साखर. पाणी जेमतेम खोकल्याच्या औषधाची दोन झाकणे भरतील एवढे, साखर मात्र पिशवीभर. "तिन्हीकडे एकेक मोल," काका म्हणाले. ताईने एक दुरुस्ती केली की मिठात सुटे रेणू नसतात, सोडियम आणि क्लोरीनची जोडी हा नग धरायचा. काकांनी ती हसत मान्य केली. साखर दुसऱ्या दिवशी विहारातल्या चहाला कामी आली.

समीकरण जुळवण्याच्या बाबतीत मात्र आमची बीकॉमची पदवी उपयोगी पडली. आम्ही म्हणालो, ही तर तेरीज आहे, दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन असतो. त्याचा एक रेणू जळायला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन व पाण्याचे चार रेणू तयार होतात. वजनाने पाहिले तर ४४ ग्रॅम प्रोपेन आणि १६० ग्रॅम ऑक्सिजन, बेरीज २०४. पलीकडे १३२ आणि ७२, बेरीज पुन्हा २०४. गॅस जळून नाहीसा झाला असे आपण म्हणतो, पण हिशेबात एक ग्रॅमही नाहीसा होत नाही. फक्त बेरीज जुळली म्हणून भागत नाही, खातेवार पाहावे लागते: कार्बन वेगळा, हायड्रोजन वेगळा, ऑक्सिजन वेगळा. आमच्या मुलीची एक सवय होती. समीकरण जुळेना की ती पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनचा एक अणू वाढवून टाकी. आम्ही तिला विचारले, "मग ते पाणी राहिलं का?" काकांनी सांगितले की ते हायड्रोजन पेरॉक्साइड झाले, जखम धुवायचे औषध. रेणूंची संख्या बदलता येते, रेणू बदलता येत नाही. खात्याचे नावच बदलून ताळेबंद जुळवणे याला आमच्या ऑफिसात अफरातफर म्हणतात. मुले खूप हसली. आमची मुलगी ती चूक पुन्हा कधी करताना दिसली नाही.

रोज एकाला फळ्यापुढे बोलवायचे असे ठरले होते. सुरुवातीला कुणी उठत नसे. तेव्हा आम्ही मुलांना बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतली एक गोष्ट सांगितली. मुंबईत शाळेत असताना शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. हा मुलगा फळ्याला शिवला तर डबे बाटतील म्हणून वर्गात एकच गलका झाला आणि मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला केले. फळ्यापर्यंतची ती चार पावले त्यांना अशी चालावी लागली. "आपल्या फळ्यामागं काय आहे?" आम्ही विचारले. एक मुलगा वाकून पाहून म्हणाला, "झाडू आहे, काका." मग तोच पहिला उठला.

दुसरीही गोष्ट सांगितली, ती पालकांसाठी होती. बाबासाहेब स्वतःच्या बुद्धीने मोठे झाले हे खरेच. पण त्यांच्या घरी विचारायला माणूस होता. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते, मुलाला पहाटे उठवून अभ्यासाला बसवत. बागेत वाचत बसलेल्या भीमरावांना हेरून पुस्तके देणारे केळुस्कर गुरुजी होते. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर त्यांनीच स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एवढ्या मोठ्या बुद्धीलाही हाताशी कुणीतरी लागले, तर आपल्या मुलांनी एकट्याने झगडावे अशी अपेक्षा आपण कशी करतो? 'शिका' आणि 'संघटित व्हा' हे आपण दोन वेगळ्या वेळी करायच्या गोष्टी समजतो. शिकणे मुलांचे काम, संघटना मोठ्यांचे. सात मुले एका फळ्यापुढे बसली तेव्हा आम्हाला कळले की आपल्या घरांत या दोन गोष्टी एकमेकींवाचून होत नाहीत.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. नऊ ग्रॅम पाण्यात किती मोल, असे गणित होते. एका मुलाचे उत्तर अर्धा मोल आले आणि गाईडमध्ये छापले होते दोन. त्याने आपले उत्तर खोडले. ताईने ते पाहिले आणि म्हणाली, "खोडू नकोस. तीन वेळा करून बघ." तिन्ही वेळा अर्धाच आला. १८ ग्रॅमचा एक मोल, तर नऊ ग्रॅमचे दोन कसे होतील? छापणाऱ्याने भागाकार उलटा केला होता. मुलगा चकित होऊन म्हणाला, "छापलेलं पण चुकतं?" त्या दिवशी वर्ग सुटताना आम्ही कालाम सुत्ताची आठवण करून दिली. ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. ते गाईडलाही लागू आहे.

आणि आता मोबाईललाही. आज प्रश्नाचा फोटो काढला की क्षणात पायऱ्यांसकट उत्तर येते. आम्ही मोबाईलला बंदी घातली नाही. गरिबाच्या मुलाच्या हाती आलेले साधन काढून घेण्यात शहाणपण नाही. नियम मात्र तोच ठेवला: आधी कच्ची वही, मग मोबाईल. आपले आणि त्याचे उत्तर वेगळे आले तर कोणती पायरी वेगळी पडली ते शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर सांगायचे. नुसते उतरवून घेतले तर तो मोबाईल म्हणजे आमच्यासारखाच बाप झाला, रात्री वही सुंदर करणारा आणि परीक्षेत सोबत नसणारा.

निकाल काय लागला, असे वाचक विचारतील. चमत्कार झाला नाही. सातांपैकी एकाने शाखा बदलली, पण बसून, विचार करून, त्याला हिशेबाची गोडी आहे म्हणून. त्याचे आम्ही अभिनंदन केले. सहा जण विज्ञानात आहेत. आमच्या मुलीला अकरावीच्या वार्षिक परीक्षेत रसायनात शंभरपैकी सत्तावन्न मिळाले. तो पेपर तिने गादीखाली ठेवला नाही, स्वतः आणून आमच्या हातात दिला. चुकलेल्या तीन गणितांपुढे पेन्सिलीने लिहिले होते, 'एकक', 'एकक', 'घाई'.

बंधू-भगिनींनो, आपल्या गावी, आपल्या वस्तीत विहार असेल. सकाळ-संध्याकाळच्या वंदनेनंतर त्याला कुलूप लागत असेल. एक फळा, खडूचा एक डबा, मोठ्या मुलांची जुनी पाठ्यपुस्तके आणि दीड तास, एवढे पुरते. तुम्हाला विज्ञान येत नसेल तरी चालेल. सतरंजी घाला, दिवा लावा आणि शेजारी बसून विचारा, कुठं अडलं, दाखव. तुमच्या वस्तीत एखादी कॉलेजात जाणारी मुलगी असेल, कारखान्यात काम केलेला एखादा वायरमन असेल, दवाखान्यात काम करणारी एखादी ताई असेल. त्यांना आपले ज्ञान ज्ञान वाटत नाही. त्यांना बोलावून आणा.

उद्या वर्गात एखादे शिक्षक आमच्या मुलाला म्हणतील, घरी कुणाला तरी विचार. आता त्या मुलाकडे पत्ता आहे. विहार, रात्री साडेआठ.

जयभीम.